अँटी-टीपीओ वाढले म्हणून गोळी?

रिपोर्टमध्ये ‘अँटी-टीपीओ’पुढे सहाशेचा आकडा ठळक छापून आला, की घरात काळजी सुरू होते. शेजारचा टीएसएच नॉर्मल असतो, त्याच्याकडे मात्र कुणी पाहत नाही.

थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक टीपीओ नावाच्या विकराच्या मदतीने तयार करते. प्रतिकारयंत्रणा त्यालाच परके समजू लागली, की त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाला १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइडमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे असतात, हे डोनिआक, रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९५६ साली दाखवले.

प्रतिपिंडेच ग्रंथी नष्ट करतात, असे सर्रास सांगितले जाते. ते फार तर अर्धे खरे. नासधूस मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात. टीपीओ प्रतिपिंडे ही बरीचशी त्या धुमसण्याची खूण. आणि धूर दिसला म्हणजे घर जळालेच, असे नव्हे. इंग्लंडमधील विकहॅम येथे लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला. नुसती प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्के स्त्रियांची थायरॉइड मंदावली; सोबत टीएसएचही वाढलेला असेल, तर ४ टक्क्यांहून थोड्या अधिक.

म्हणून टीएसएच नॉर्मल असताना निव्वळ या आकड्यासाठी गोळी नको. वर्षातून एकदा टीएसएच तपासावा. सहाशेचे चारशे झाले का, हे पाहायला पुन्हा पुन्हा अँटी-टीपीओ करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गरोदरपणाची गोष्ट थोडी वेगळी. तेव्हा ग्रंथीवर ताण वाढतो, म्हणून प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीचा टीएसएच पहिल्या पाच महिन्यांत साधारण दर चार आठवड्यांनी पाहावा लागतो. मात्र टीएसएच नॉर्मल असलेल्या अशा स्त्रियांना आधीपासून गोळी देऊनही जिवंत बाळांचे प्रमाण वाढले नाही, असे ब्रिटनमधील २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसले.

ग्रेव्हज आजारातली प्रतिपिंडे निराळी. ती नुसती खूण नसतात. बनावट किल्लीसारखी ग्रंथी चालू करून ठेवतात. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यावरही ती रक्तात राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. ‘ऑपरेशन झाले, आता थायरॉइडचा त्रास नाही’ असे म्हणणाऱ्या गरोदर स्त्रीने तो जुना आजार प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर पहिल्याच भेटीत घालायला हवा.