मोटारीच्या पाण्यांत कोंडलेली हवा

वैशाखांतल्या भर दुपारीं हिंगोलीहून नांदेडकडे निघालेली एखादी जुनी फियाट आखाडा बाळापूरपाशीं येतां येतां उकळूं लागते. हांकणारा म्हणतो, “पाणी तर सकाळींच काठोकाठ भरलें होतें!” त्याचें म्हणणें खरें असतें, तरीहि इंजिनांत पुरेसें पाणी नसतें. हें कसें, तें आज पाहूं.

शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही फियाट बनत असे. पुढें ती ‘पद्मिनी’ म्हणून घरोघर परिचित झाली. तिच्या इंजिनांत तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें जाऊन निवतें व पंपाच्या योगानें परततें. या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. इंजिन थंड असतां ती मिटलेली राहते. सर्व पाणी काढून नवें भरतांना आंतली हवा या झडपेमागें, इंजिनाच्या माथ्याशीं अडकते. रेडिएटर भरलेला दिसतो. परंतु उष्णता जेथें सर्वांत अधिक, तेथेंच पाणी पोंचत नाहीं. मग धातु तापून वांकतो. शिवाय तापमापकाचें टोंक हवेंत राहिलें, तर कांटाहि खरी स्थिति दाखवीत नाहीं.

उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड असतां गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी. हीटर असल्यास त्याची तोटी उघडावी. पाणी बारीक धारेनें, थांबत थांबत घालावें व वरची रबरी नळी मधून मधून दाबावी. नंतर झांकण न लावतां इंजिन मंद चालू ठेवावें. वरची नळी गरम झाली म्हणजे झडप उघडली असें समजावें. त्या वेळीं बुडबुडे येऊन पातळी उतरते. तेवढें पाणी पुन्हां घालून झांकण लावावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पातळी परत पाहावी. बुडबुडे थांबतच नसतील, तर माथ्याखालचें गॅस्केट फुटून जळका वायु पाण्यांत शिरत असण्याचा संभव आहे. तेथें मिस्त्रीच हवा.

एक गोष्ट मात्र घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. बंद झांकणाखालीं दाब असल्यानें पाणी १०० अंशांपलीकडे तापूनहि उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब सुटतो आणि वाफेसह तें पाणी तोंडावर, हातांवर उसळतें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचें भय असतें, तें वेगळेंच. म्हणून वाटेंत गाडी उकळल्यास ती बंद करावी, सावलींत बसावें आणि इंजिन हाताला थंड लागेपर्यंत झांकणाला हात लावूं नये.