मृत जनावर आणि जिवंत रोग

जनावर मेले म्हणजे त्याचा रोगही संपला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खरी नाही. मृत शरीरातील रोगजंतू काही तास, काही दिवस, तर क्वचित काही दशकेही टिकून राहतात. कुत्री, कावळे, माशा, वाहते पाणी आणि माणसाचे हात त्यांना पुढच्या गोठ्यापर्यंत पोहोचवितात. म्हणून साथीच्या दिवसांत मृत जनावरांची विल्हेवाट लावणे हे रोगनिवारणाचेच एक अंग होय.

इ. स. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली. भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन१ विषाणूचे निदान होताच त्या परिसरातील लक्षावधी कोंबड्या मारून खड्ड्यांत पुराव्या लागल्या. छत्तीसगढमधील रायगढ येथील शासकीय कुक्कुटपालन केंद्रातही इ. स. २०२५ च्या आरंभी हाच विषाणू आढळला. पक्षी मारण्याचे काम काही दिवसांत उरकते. परंतु त्यांना कोठे व कसे पुरले, याचे परिणाम त्या जमिनीला वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

पद्धत निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा, की रोग कोणत्या जंतूचा आहे? बर्ड फ्लूचा विषाणू उष्णतेपुढे टिकत नाही. संसर्गजन्य काळपुळीचा जंतू मात्र फार चिवट आहे. शरीर बंद असेपर्यंत तो साध्या रूपात असतो आणि कुजण्याच्या क्रियेत बहुधा नाश पावतो. पण शरीर फाडले, कातडे सोलले, की त्याला हवा मिळते व तो कठीण कवचाची बीजुके तयार करतो. ही बीजुके मातीत कित्येक दशके जिवंत राहू शकतात. पुरलेल्या जनावरांच्या जागेवरून ती पुन्हा पृष्ठभागावर येतात, हे पाश्चरने इ. स. १८८० च्या सुमारास दाखवून दिले होते. म्हणून काळपुळीचा संशय असता जनावर मुळीच फाडू नये. अशा वेळी पूर्ण दहन हाच उत्तम मार्ग. ते शक्य नसेल तरच खोल पुरावे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. रायपूरचा परिसर या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. तेथील शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार सांगतो. उंचावरील भाटा जमीन मुरमाड व उथळ असून तिच्यातून पाणी झपाट्याने झिरपते. सखल भागातील काळी कन्हार पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. या जमिनींखाली अनेक ठिकाणी चुनखडक आहे आणि त्याच्या पोकळ्यांतून भूजल दूरवर वाहत जाते. खड्डा खडकापर्यंत पोहोचला, तर कुजण्यातून निघणारा द्रव विहिरीत उतरण्यास वेळ लागणार नाही. शहराला पाणी पुरविणारी खारून नदीही जवळूनच वाहते. चैत्रात कोरडा वाटणारा खड्डा श्रावणात पाण्याने भरतो. म्हणून त्याचा तळ पावसाळ्यातील भूजलाच्या पातळीच्या वर राहील, अशीच जागा निवडली पाहिजे. वरील मातीचा थर जाड असावा, पण तो दाबून घट्ट करू नये. कुजताना निघणाऱ्या वायूंना वाट हवी असते.

दहनाने जंतूंचा नाश होतो खरा, तथापि गायीच्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. ते पाणी आटविण्यासाठीच मुबलक इंधन लागते. अपुरे जळालेले प्रेत हे पुरलेल्या प्रेतापेक्षाही अधिक घातक ठरू शकते. इ. स. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा साठ लक्षांहून अधिक जनावरे मारली गेली. उघड्या चितांच्या धुराने लोक संतापले. मग कंब्रिया परगण्यात एकाच ठिकाणी साडेचार लक्षांहून अधिक जनावरे, मुख्यतः मेंढ्या, पुरण्यात आल्या, आणि तेथून झिरपणारा द्रव गोळा करून वाहून नेण्याची व्यवस्था पुढे चालू ठेवावी लागली.

पक्ष्यांसाठी तिसरा मार्ग कंपोस्टचा आहे. भाताचे तूस व पेंढा यांच्या थरांत मृत पक्षी नीट झाकून ठेवले, तर ढिगाची उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते व विषाणू मरतो. भाताच्या या प्रदेशात हे साहित्य विपुल आहे. मात्र काळपुळीची बीजुके एवढ्या उष्णतेने मरत नाहीत. तेथे ही पद्धत वापरू नये.

पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले, की गिधाडे त्याचा फडशा पाडीत. डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातील बहुतेक गिधाडे नाहीशी झाली. इ. स. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधाचा वापर बंद करण्यात आला, तरी त्यांची संख्या पूर्ववत झालेली नाही. आता उघड्यावर टाकलेले जनावर भटक्या कुत्र्यांच्या हाती जाते. तसेच कातडे सोलण्याचे काम रूढीने ज्या जातींवर लादले, त्यांनाच या रोगांची बाधा प्रथम होत आली, हेही विसरता येत नाही.

इ. स. २००९ च्या कायद्याने साथीच्या रोगाची शंका येताच कळविणे पशुपालकाचे कर्तव्य ठरविले आहे. रोग कोणता, जमीन कशी, साधने किती, या तीन प्रश्नांची उत्तरे साथ येण्यापूर्वीच तयार असली पाहिजेत. खड्ड्याची जागा पशुवैद्य, भूजलतज्ज्ञ व ग्रामपंचायत यांनी मिळून आधीच ठरवून ठेवली, तर संकटाच्या घाईत विहिरीशेजारी खड्डा खणण्याची पाळी गावावर येणार नाही.