कुल्फीच्या साच्याबाहेरचं मीठ

एप्रिलच्या दुपारी डोळखांबच्या बाजारात मटका कुल्फीची हंडी उघडली, की पत्र्याच्या साच्यांभोवती बर्फाचा चुरा आणि त्यात मिसळलेलं जाडं मीठ दिसतं. कुल्फीला नुसता बर्फ का पुरत नाही? याचं उत्तर गणितात आहे.

बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा काही रेणू बर्फातून सुटतात, काही पुन्हा बर्फाला चिकटतात. ० अंशाला दोन्हींचा वेग सारखा असतो. पाण्यात काही विरघळलं, की चिकटणाऱ्या रेणूंचं प्रमाण घटतं आणि तोल साधायला तापमान उतरावं लागतं. किती, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राऊल यांनी १८८० च्या दशकात मोजलं. एक किलो पाण्यात एक मोल (म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येइतके) कण विरघळले, की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. कण कशाचे, याला महत्त्व नाही; किती, याला आहे.

साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा. मिठाचा ५८.५ ग्रॅमचाच, शिवाय ते विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात. म्हणून वजनाला वजन धरलं, तर मीठ साखरेच्या जवळपास बारा पट प्रभावी.

आता कुल्फी. दूध उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतं. एक लिटर दूध आटवून त्यातलं पाणी निम्मं केलं, की विरघळलेले घटक दुप्पट दाट होतात : उणे १.१. उरलेल्या सुमारे ४३५ ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅम साखर घातली, की आणखी १.२५ अंश. म्हणजे हे मिश्रण उणे २.३ च्या आसपास गोठू लागणार. ० अंशाच्या बर्फात ते कितीही वेळ ठेवा, पातळच राहील.

साच्याबाहेरचं मीठ हीच अडचण सोडवतं. खारं पाणी ० अंशाखालीही द्रवच राहतं, त्यामुळे बर्फ वितळत राहतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती साच्यातून खेचली जाते. किलोभर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ धरलं, तर सूत्र उणे १९ अंश सांगतं. प्रत्यक्षात उणे २१ पर्यंत जाता येतं, कारण हे सूत्र विरळ द्रावणांसाठीच काटेकोर आहे.

जास्त गोड कुल्फी मऊ राहते, तीही याच नियमाने. साखर वाढवायची असेल, तर बाहेर मीठही सढळ हाताने घालावं.