उतारूंच्या खोल्या आणि मालकाची किल्ली

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील दरवाजाने बाहेर पडून रस्ता ओलांडला की प्रवासी पहाडगंजात येतो. दिल्लीतील मराठी मंडळींस हा भाग परका नाही. नूतन मराठी विद्यालय याच वस्तीत आहे. येथील मुख्य बाजाराच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंस लॉजांच्या पाट्या दाटीने टांगलेल्या दिसतात. प्रवासी एखाद्या लॉजात शिरतो, नोंदवहीत नाव लिहितो, ओळखपत्र दाखवितो, आणि त्यास एका खोलीची किल्ली मिळते. ती किल्ली शेजारच्या खोलीस लागत नाही. त्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनची अंतर्रचनाही याच तत्त्वावर उभारलेली आहे. भेद इतकाच की, फोनरूपी लॉजाचा मालक तो स्वतः असतो. आणि बहुधा आपल्या या मालकीची त्यास जाणीव नसते.

अँड्रॉइड ही फोनची कार्यप्रणाली होय. तिचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. तिच्या मुळाशी लिनक्स नावाचा गाभा आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. एकाच संगणकावर अनेक माणसांनी काम करावे आणि एकाचे कागद दुसऱ्यास दिसू नयेत, अशी सोय या गाभ्यात मुळापासून होती. अँड्रॉइडच्या रचनाकारांनी तिचा चतुराईने उपयोग केला. त्यांनी माणसांच्या जागी ॲप बसविले. फोनमध्ये घेतलेल्या प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र क्रमांक आणि एक स्वतंत्र खोली मिळते. बँकेच्या ॲपने आपल्या खोलीत ठेवलेली माहिती खेळाच्या ॲपला वाचता येत नाही.

परंतु लॉजात काही वस्तू सामाईकही असतात. फोनमधील कॅमेरा, ध्वनिग्राहक, स्थानदर्शक यंत्रणा, परिचितांच्या क्रमांकांची यादी, संदेशांची पेटी या तशाच वस्तू होत. त्या वापरावयाच्या तर ॲपला मालकाची परवानगी मागावी लागते. २०१५ पूर्वी ही परवानगी घाऊक असे: ॲप घेताना सर्व अटी एकदम मान्य कराव्या, नाही तर ॲप सोडून द्यावे. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाच्या परवानग्या त्या त्या वेळी, एकेक करून, विचारल्या जाऊ लागल्या. २०१९ पासून ‘ॲप उघडे असेल तेवढ्यापुरतेच स्थान सांगावे’ असे ठरविता येऊ लागले. २०२० साली ‘केवळ या वेळेपुरती’ परवानगी आली. तसेच दीर्घकाळ न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची व्यवस्थाही झाली. २०२१ पासून कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक चालू होताच पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली.

एवढा बंदोबस्त असता भय कशाचे, असे वाचकास वाटेल. भय आहे ते परवानगीच्या मर्यादेचे. किल्ली कोणास दिली हे मालकास दिसते. ती घेणाऱ्याने आतील वस्तूंचे पुढे काय केले, हे दिसत नाही. अमेरिकेतील एका ॲपचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याचे काम फोनचा दिवा लावण्याचे. कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. ते फोनचे स्थान आणि त्याचा ओळखक्रमांक जाहिरातदारांच्या जाळ्यांकडे पाठवीत होते, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली ठेवला. दिवा लावण्यास स्थान कशास हवे, हा साधा प्रश्न पुष्कळांनी विचारलाच नव्हता.

तोच प्रश्न मराठी कळफलक घेतानाही विचारावा. मराठी लिहिण्यासाठी अनेक जण बाहेरून कळफलकाचे ॲप आणतात. पण टंकलेले प्रत्येक अक्षर कळफलकाच्या हातून जाते. म्हणूनच तो प्रथम चालू करताना अँड्रॉइड सावधगिरीची सूचना देते. याहूनही मोठी किल्ली ‘सुलभता’ या नावाची. अंध व्यक्तींस पडदा वाचून दाखविता यावा, यासाठी ती निर्मिली आहे. ती हाती आलेले ॲप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या वतीने कळही दाबू शकते. अनोळखी संदेशातून आलेल्या ॲपने ही परवानगी मागितल्यास ती कदापि देऊ नये.

आतापर्यंत विचार झाला तो उतारूंचा. लॉजात दुसरा एक वर्ग असतो, तो नोकरांचा. फोन विकत घेतानाच त्यात असलेली ॲप या वर्गात मोडतात. ती फोनच्या राखीव भागात वसलेली असल्यामुळे बहुधा पूर्णपणे काढून टाकता येत नाहीत. फार तर बंद ठेवता येतात. सारा फोन पुसून नव्यासारखा केला, तरी ती जागच्या जागी असतात. ‘हे नोकर कोणी नेमावे?’ हा प्रश्न दिल्लीतच दोनदा गाजला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगल कंपनीस १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनविणाऱ्यांस आपली ॲप गठ्ठ्याने आधीच बसविणे भाग पाडले, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम राखला. आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२५ चा. हरवलेला फोन त्याच्या पंधरा अंकी क्रमांकावरून निकामी करविण्याची सोय ‘संचार साथी’ या सरकारी सेवेत आहे. गर्दीच्या स्थानकावर फोन गमावलेल्या प्रवाशास ती खरोखर उपयोगी पडते. परंतु तिचे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवावे, असा आदेश दूरसंचार विभागाने काढला, तेव्हा मोठा वाद उठला. ३ डिसेंबर रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. सेवा उपयुक्त की अनुपयुक्त, हा वादाचा विषय नव्हता. मालकास न विचारता नोकर नेमावा काय, हा होता. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला होता, त्याचे स्मरण या वेळी अनेकांस झाले.

उतारू आणि नोकर यांतील हा भेद फोनच्या दुखण्याचे निदान करतानाही कामी येतो. फोन अकारण तापतो, मंदावतो, किंवा पडद्यावर जाहिराती उमटतात, अशा वेळी तो ‘सेफ मोड’मध्ये चालू करावा. पुष्कळ फोनांत, फोन बंद करण्याचा पर्याय पडद्यावर आला असता त्यावर बोट दाबून धरले की ही सोय मिळते. या अवस्थेत सर्व उतारू खोल्यांत बंद राहतात. केवळ मूळचे नोकर काम करतात. दोष नाहीसा झाला, तर तो कोणा उतारूचा समजावा. मग फोन पुन्हा नेहमीसारखा चालू करून, सर्वांत शेवटी आलेल्या ॲपपासून एकेक काढीत जावे आणि दर खेपेस परिणाम पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, ही प्रयोगशाळेतील रीत येथेही खरी ठरते.

पहाडगंजातील लॉजाचा व्यवस्थापक रात्री नोंदवही मिटण्यापूर्वी कोणती किल्ली कोणाकडे आहे, हे एकदा पाहून घेतो. फोनच्या मालकानेही महिन्यातून एकदा ‘सेटिंग्ज’मधील परवानग्यांची यादी उघडावी. प्रत्येक नावापुढे थांबून, ‘यास ही किल्ली कशासाठी?’ असे स्वतःस विचारावे. आणि उत्तर सापडले नाही, तर ती किल्ली परत घ्यावी.