दाताच्या डॉक्टरांची धास्ती? लपवू नका, आधी सांगा

घरात कुणाचाही दात दुखला की अपॉइंटमेंट तुम्हीच घेता. मुलांना घेऊन जाता, सासऱ्यांची कवळी बसवून आणता. पण स्वतःच्या दाढेत ठणका लागतो तेव्हा काय करता? लवंग धरता, एका बाजूने जेवता, वेदनाशामक गोळी घेता आणि म्हणता, ‘‘दिवाळी होऊ दे, मग बघू.’’ दिवाळी होते, मुलांच्या परीक्षा होतात, मे महिन्यात पाहुणे येऊन जातात. दाढ तशीच राहते.

वेळ मिळत नाही हे खरंच आहे. पण मनातलं कारण बऱ्याचदा दुसरंच असतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटते. तुम्हाला भीती वाटते. चार माणसांचा संसार सांभाळणाऱ्या, बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईने दाताच्या इंजेक्शनला घाबरावं, हे घरच्यांना हसण्यासारखं वाटतं. म्हणून तुम्ही गप्प बसता आणि डॉक्टरांनाही सांगत नाही. तिथेच चूक होते, कारण या भीतीवर उपाय आहेत. पण ते सुचवायचे तर डॉक्टरांना तुमची भीती कळायला हवी.

ही भीती येते कुठून?

बहुतेकांच्या मनात ती लहानपणीच बसते. ‘‘दंगा केलास तर डॉक्टरकाकांकडे नेऊन सुई टोचायला लावीन,’’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं असेल! काहींना दाढ पुरती बधिर होण्याआधीच काढल्याची आठवण असते. त्यात खुर्चीत आडवं पडायचं, तोंड उघडं ठेवायचं, बोलता येत नाही आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. या असहायपणाचा त्रास काहींना दुखण्यापेक्षा जास्त होतो.

शिवाय ‘‘इतके दिवस काय करत होतात?’’ अशी बोलणी खावी लागतील ही धास्ती असते. आणि ‘वरची दाढ काढली की नजर अधू होते’ असं सांगणारी शेजारीणही असतेच. यात तथ्य नाही. डोळ्यांनी पाहण्याची नस आणि दाढेची नस या दोन वेगळ्या नसा आहेत.

टाळण्याची किंमत

दाताची कीड आपोआप बरी होत नाही. लहानसा खड्डा असतो तेव्हा तो स्वच्छ करून सिमेंट भरलं की काम भागतं. कीड नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनाल आणि कॅप. त्याहून उशीर झाला तर दात काढावा लागतो आणि मग रिकाम्या जागेचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक पायरीवर वेळही जास्त लागतो आणि खर्चही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जिथे पू आणि सूज आहे तिथल्या पेशी आम्लधर्मी झालेल्या असतात. अशा जागी बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. म्हणजे ज्या दुखण्याला घाबरून आपण सहा महिने थांबतो, ते टाळणं थांबल्यामुळेच अवघड होऊन बसतं. मग उपचार करताना दुखतं आणि ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ असं आपणच स्वतःला सांगतो. भीतीचं हे चक्र तोडायचं तर दात कमी दुखत असतानाच जायला हवं.

जबडा किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

तुमची भीती किती आहे?

दंतवैद्यकात यासाठी पाच प्रश्नांची एक साधी मोजपट्टी वापरतात. उद्या दाताच्या उपचारांना जायचं असेल तर, दवाखान्याबाहेर नंबरची वाट पाहताना, दाताला मशीन लावायच्या वेळी, दात साफ करून घेताना आणि हिरडीत इंजेक्शन घेताना तुम्हाला किती धास्ती वाटते? प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण द्या. अजिबात नाही तर १, प्रचंड असेल तर ५. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर तुमची भीती तीव्र आहे. तो आकडा डॉक्टरांना सांगा. ‘‘मला जरा भीती वाटते’’ या वाक्यापेक्षा त्यावरून त्यांना जास्त कळेल.

सांगायचं कसं?

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा, ‘‘मला दातांच्या उपचारांची खूप भीती वाटते. पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि बोलणं होईल का?’’ समोरून कसं उत्तर येतं, यावरून दवाखान्याची निम्मी पारख होते. भीती ऐकून हसणारे डॉक्टर तुमच्यासाठी नाहीत. दुसरे शोधा.

पहिल्या भेटीत थांबण्याची खूण ठरवून घ्या. डावा हात वर केला की काम थांबेल, असं डॉक्टरांकडून कबूल करून घ्या आणि एकदा उगाचच हात वर करून पाहा. ते खरोखर थांबले की अर्धा जीव भांड्यात पडतो. पुढे काय करणार ते आधी ऐकायला आवडेल की काहीच नको, हेही सांगून टाका. काहींना माहितीने धीर येतो, काहींचा उरलासुरला धीरही सुटतो.

बधिर करणं वेगळं, गुंगी वेगळी

इथे बऱ्याचजणांचा गोंधळ होतो. बधिर करणारं इंजेक्शन दुखणं थांबवतं, तर गुंगी म्हणजे सेडेशन भीती कमी करतं. गुंगी दिली तरी दात बधिर करावाच लागतो. फक्त ते इंजेक्शन घेताना तुम्ही शांत असता.

भीती फक्त सुईचीच असेल, तर गुंगी लागेलच असं नाही. हिरडीवर आधी बधिर करणारी जेली लावून एक-दोन मिनिटं थांबायचं, औषध अगदी हळूहळू सोडायचं आणि दाढ पूर्ण बधिर होईपर्यंत काम सुरू करायचं नाही, एवढ्याने खूप फरक पडतो. खालच्या दाढांना बधिर व्हायला जास्त वेळ लागतो. ओठ जड झाला तरी दाढेत कळ येत असेल तर सांगा. आणखी औषध देता येतं.

इंजेक्शननंतर छातीत धडधड झाली तर घाबरून जाऊ नका. त्या औषधात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यामुळे असं होऊ शकतं आणि काही मिनिटांत ते ओसरतं. हृदयाचा आजार असेल तर मात्र तो आधीच सांगायला हवा.

गुंगीचे पर्याय

नाकाने घ्यायचा गॅस : नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच लाफिंग गॅस. १८४४ साली अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हा गॅस घेऊन स्वतःचा दात काढून घेतला होता. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. तुम्ही जागे असता, बोलता. अंग हलकं होतं आणि धास्ती कमी होते. मात्रा हवी तशी कमी-जास्त करता येते. काम संपल्यावर सुमारे ५ मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की परिणाम उतरतो. सौम्य आणि मध्यम भीतीसाठी हा चांगला पर्याय आहे, पण तो प्रत्येक दवाखान्यात नसतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्याचा उपयोग होत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. हा गॅस शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. पूर्ण शाकाहारी असाल किंवा बी-१२ कमी असल्याचं तपासणीत आलं असेल, तर ते जरूर सांगा.

गोळी : काम सुरू होण्याआधी साधारण तासभर डॉक्टर ही देतात. झोपाळल्यासारखं होतं, पण हाक मारली की कळतं. ही पद्धत सोपी आहे. मात्र गोळी एकदा गिळली की मात्रा बदलता येत नाही आणि तिचा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही. म्हणूनच घरात उरलेली सासूबाईंची झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊन जाऊ नका. त्यावर दवाखान्यात आणखी औषध दिलं गेलं तर श्वास मंदावू शकतो.

शिरेतून दिलेलं औषध : भीती तीव्र असेल किंवा अक्कलदाढेसारखं मोठं काम असेल, तर हातातल्या सुईवाटे थोडं थोडं औषध देतात. परिणाम लवकर होतो आणि पुष्कळांना नंतर उपचारातलं फारसं आठवतही नाही. यासाठी प्रशिक्षित माणूस हवा आणि नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन यांवर सतत लक्ष हवं. अनेक ठिकाणी यासाठी भूलतज्ज्ञांना बोलावतात.

पूर्ण भूल : ही ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञच देतात. लहान मुलाच्या बऱ्याच दातांचं काम एकदमच करायचं असेल, विशेष मुलांना खुर्चीत बसणं जमत नसेल किंवा जबड्याची मोठी शस्त्रक्रिया असेल, तेव्हा तिचा विचार करतात. केवळ ‘मला काही कळायला नको’ म्हणून साध्या कामासाठी पूर्ण भुलीचा हट्ट धरू नका. गुंगी जितकी गाढ, तितकी जोखीम आणि खर्च दोन्ही वाढतात.

होकार देण्याआधी हे विचारा

 * गुंगी कोण देणार आणि त्यांचं प्रशिक्षण कोणतं? दात हाताळणारे आणि गुंगीवर लक्ष ठेवणारे वेगवेगळे असतील का?
 * ऑक्सिजन, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र, तातडीची औषधं खोलीतच आहेत का?
 * श्वास मंदावला तर काय करणार, आणि कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेणार?
 * उपचार, भूलतज्ज्ञ आणि खोली यांचा खर्च वेगवेगळा किती? आरोग्य विमा असला तरी नेहमीचे दंतोपचार अनेक पॉलिसींमध्ये धरलेले नसतात.

तुमच्याकडूनही सगळं खरं सांगा. रक्तदाब, मधुमेह, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, मानसिक आजारावरची औषधं, आयुर्वेदिक काढे, आधीच्या भुलीचा अनुभव, गरोदरपण, दारूची सवय. झोपेत जोरात घोरत असाल तर तेही सांगा, कारण त्याचा श्वासाशी थेट संबंध आहे.

त्या दिवशी काय करायचं?

फक्त बधिर करून काम होणार असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. पोळीभाजी खाऊन जा. चतुर्थी किंवा एकादशीचा कडक उपास असेल तो दिवस टाळाच, कारण रिकाम्या पोटी धास्तावलेल्या माणसाला चक्कर लवकर येते. गोळीची किंवा शिरेतली गुंगी असेल तर नियम उलटा. साधारणपणे ६ तास आधी खाणं आणि २ तास आधी पाणी बंद करायला सांगतात. डॉक्टर जे सांगतील तेच पाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी कसं घ्यायचं, हेही आधी विचारून ठेवा.

वेळ सकाळची घ्या, म्हणजे दिवसभर झुरत बसावं लागणार नाही. श्वास घेताना मनात चार अंक मोजा, सोडताना सहा. कानात आवडती गाणी लावा. सुई किंवा रक्त पाहून चक्कर येत असेल तर हात, पोट आणि मांड्यांचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळा, मग सैल सोडा. अर्धा मिनिट थांबून पुन्हा करा. यामुळे रक्तदाब एकदम घसरत नाही.

गोळी किंवा शिरेतून औषध घेतलं तर घरी न्यायला मोठं माणूस हवंच. पुढचे २४ तास गाडी चालवू नका, गॅसजवळ उभं राहू नका, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका. नोकरीनिमित्त परगावी एकटे राहत असाल तर आधी सोबतीची व्यवस्था करा, मगच तारीख घ्या. रिक्षावाल्याच्या भरवशावर हे काम करू नका.

मुलांना तुमची भीती देऊ नका

‘काहीच दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका आणि सुईचा धाकही दाखवू नका. ‘‘डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, दात थोडा वेळ झोपेल,’’ एवढं पुरे. मुलांचे दंतवैद्य आधी सांगतात, मग आरसा-ब्रश दाखवतात आणि त्यानंतरच काम करतात. तुम्ही शेजारी शांत बसा.

मुलाला गुंगीचं औषध द्यायचं असेल तर ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जावं. परतताना गाडी चालवणाऱ्याखेरीज आणखी एक मोठं माणूस सोबत हवं. मूल पेंगलं आणि हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडू शकतो, त्यामुळे त्याच्या मानेकडे लक्ष ठेवा. ओठ काही तास बधिर राहतो आणि मुलं तो चावून जखम करून घेतात. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायला देऊ नका.

एका फोनपासून सुरुवात

एवढं करूनही दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरत असाल तर समुपदेशकांची मदत घ्या. विचार आणि सवयी हळूहळू बदलण्याच्या उपचारपद्धतीचा या भीतीवर चांगला उपयोग होतो. त्या दिवसापुरती भीती गुंगीने निभावते, पण ती कायमची कमी होते ती एकेक चांगल्या अनुभवाने. म्हणून पहिल्या खेपेला फक्त तपासणी करून घ्या, दुसऱ्या खेपेला दात साफ करून घ्या आणि दाढेचं काम तिसऱ्या खेपेला ठेवा. दाढ ठणकत असेल तर मात्र पहिल्या भेटीतच डॉक्टर म्हणतील तसं करा.

घरातल्या सगळ्यांच्या अपॉइंटमेंट तुमच्या मोबाइलमध्ये आहेतच. आज त्याच नंबरावर फोन लावा आणि या वेळी स्वतःचं नाव सांगा. त्यानंतरचं वाक्यही तयार ठेवा, ‘‘डॉक्टर, मला भीती वाटते.’’