बी शेंगचे खिळे आणि लाकडाचा हिशेब

माझी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. त्यामुळे चीनच्या बी शेंगचं नाव निघालं की मला पहिला प्रश्न पडतो : या गृहस्थानं खिळ्यांची केस लावली कशी? जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार सांभाळताना आम्हा मराठी कंपोझिटरांच्या नाकी नऊ यायचे. चिनी लिपीत तर अक्षरंच हजारो.

उत्तर मिळतं शेन कुओ या विद्वान अधिकाऱ्याच्या १०८८च्या सुमाराच्या टिपणांत. बी शेंग हा कुणी दरबारी नव्हे, सामान्य माणूस. १०४०च्या दशकात त्यानं चिकणमातीचे सुटे खिळे कोरले आणि भाजून कडक केले. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरायची, त्यावर लोखंडी चौकट ठेवून खिळे दाटीनं बसवायचे. पत्रा शेकून राळ मऊ झाली की वरून सपाट फळी दाबायची, म्हणजे सगळी अक्षरं एका पातळीत येतात. छपाई झाली की पुन्हा शेक द्यायचा, खिळे सुटे. पत्रे दोन असत : एकावर छपाई चालली असताना दुसऱ्यावर जुळणी. खिळे यमकांप्रमाणे लावलेले, वर कागदी चिठ्ठ्या. सारख्या लागणाऱ्या अक्षरांचे वीसवर खिळे तयार. एखादं अनवट अक्षर आलंच तर तिथल्या तिथे कोरून गवताच्या जाळावर भाजायचं. आमचा एक खिळा कमी पडला तर अख्खा फर्मा खोळंबायचा!

लाकूड त्यानं मुद्दाम टाळलं होतं. लाकडाचा पोत सारखा नसतो, ओल लागली की ते फुगतं आणि राळेला चिकटून बसतं.

हे सगळं गुटेनबर्गच्या चारशे वर्षं आधी. मग लोक विचारतात, चिन्यांनी एवढा शोध वाया का घालवला? मला हा प्रश्नच पटत नाही. त्यांच्याकडे त्याहून सोयीची रीत आधीपासून होती. पातळ कागदावर मजकूर सुवाच्य लिहायचा, तो नासपतीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि अक्षरं सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. ब्रशनं शाई लावून वर कागद ठेवला आणि कोरडा ब्रश फिरवला की पान तयार. ना यंत्र, ना दाब.

आणि फळी ठेवून देता येते. आज पन्नास प्रती काढाव्यात, दहा वर्षांनी मागणी आली तर आणखी पन्नास. आमच्याकडे जुळवलेलं पान बांधून ठेवलं की खिळे अडकून पडत आणि मालक ओरडत. हजारो अक्षरांच्या लिपीत तर ते परवडणारच नाही.

या कामात चिनी कारागिरांचा हात किती बसला होता, हे ‘वज्रच्छेदिका’ सूत्राच्या गुंडाळीवरून कळतं. वांग जिए नावाच्या माणसानं आपल्या आईवडिलांसाठी ती फुकट वाटायला छापवली, तारीख ११ मे ८६८. पाच मीटरांहून लांब, सुरुवातीला बुद्धाचं रेखीव चित्र. दुनहुआंगच्या बंद गुहेत सापडलेली ही गुंडाळी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. इतकी स्वच्छ रेघ नवशिक्याला येत नाही. धंदा तेव्हाच मुरलेला असणार. पुढे ९७१ ते ९८३ या बारा वर्षांत चेंगदू इथे अख्खा बौद्ध त्रिपिटक कोरला गेला. त्याला सुमारे १,३०,००० फळ्या लागल्या.

सुटे खिळे मात्र विसरले गेले नाहीत. वांग झेन या जिल्हाधिकाऱ्यानं दोन वर्षं खपून लाकडी खिळे करवून घेतले आणि ते गोल फिरत्या मेजांवर मांडले. मधे बसलेला माणूस मेज फिरवून हवं ते अक्षर उचलायचा. माझी पायपीट वाचली असती! १२९८मध्ये त्यानं आपल्या जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ महिन्याच्या आत शंभर प्रतींत छापला. शेतीवरचा स्वतःचा मोठा ग्रंथही त्याला याच खिळ्यांनी काढायचा होता. पण तोवर सरकारी कारागिरांनी फळ्या कोरायला घेतल्या होत्या, आणि खिळ्यांच्या छपाईची सगळी कृती ज्यात लिहिली आहे, तो ग्रंथ फळ्यांवरूनच छापला गेला.