फिलिपिन्समधील स्पॅनिश राजवटीचा वारसा

फिलिपिन्स हा आग्नेय आशियातील द्वीपसमूह १५६५ ते १८९८ या काळात स्पेनच्या अंमलाखाली होता. या ३३३ वर्षांच्या राजवटीचा ठसा तेथील धर्म, ग्रामरचना, आडनावे, भाषा आणि जमीनधारणा यांवर आजही दिसतो. या वारशाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग मात्र लोकांच्या स्वतःविषयीच्या ओळखीशी निगडित आहे. देशाचे नाव, तेथील नागरिकांचे ‘फिलिपिनो’ हे नाव आणि दक्षिणेकडील मुस्लिमांचे ‘मोरो’ हे नाव, ही तिन्ही नावे स्पॅनिशांनी दिलेली आहेत. पुढे त्याच नावांखाली स्पेनविरोधी आणि नंतर परस्परविरोधी राष्ट्रभावनाही उभ्या राहिल्या.

राजवटीचे स्वरूप

फर्डिनांड मॅगेलन १५२१ मध्ये या बेटांवर पोहोचला आणि माक्तान बेटावर लापुलापू या स्थानिक प्रमुखाच्या लोकांशी झालेल्या लढाईत मारला गेला. कायमची वसाहत १५६५ मध्ये मिगेल लोपेझ दे लेगाझ्पी याने सेबू येथे स्थापन केली. १५७१ मध्ये मनिला हे सत्ताकेंद्र झाले. १८२१ पर्यंत ही बेटे थेट माद्रिदहून नव्हे, तर मेक्सिकोतील ‘न्यू स्पेन’च्या व्हाइसरॉयमार्फत शासित होती. मनिला व आकापुल्को यांदरम्यान १८१५ पर्यंत चाललेल्या गलबतांच्या व्यापारामुळे मेक्सिकोतील पिके, शब्द आणि पूजामूर्तीही येथे आल्या. मराठी वाचकाला परिचित असलेला चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा असून तागालोग भाषेत त्याला ‘त्सिको’ म्हणतात.

बेटांवरील स्पॅनिशांची संख्या नेहमीच अल्प होती. मनिलाबाहेरच्या अनेक गावांत चर्चचा पाद्री हाच एकमेव स्पॅनिश माणूस असे. त्यामुळे प्रत्यक्ष कारभार ऑगस्टीनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन इत्यादी पंथांचे धर्मगुरू आणि ‘प्रिन्सिपालिया’ हा स्थानिक मातब्बरांचा वर्ग यांच्या आधारावर चाले. विखुरलेल्या वस्त्यांतील लोकांना चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचेल अशा गावठाणांत वसवण्यात आले. चर्च, मोकळा चौक व त्याभोवती मातब्बरांची घरे ही रचना जुन्या गावांत आजही दिसते.

भाषा आणि आडनावे

धर्मगुरूंनी लोकांना स्पॅनिश शिकवण्याऐवजी स्वतः स्थानिक भाषा शिकून धर्मप्रसार केला. १५९३ मध्ये मनिलात छापलेली ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पुस्तिका स्पॅनिश व तागालोग अशा दोन भाषांत होती, आणि तिच्यातील तागालोग मजकूर रोमन व ‘बायबायिन’ या दोन्ही लिप्यांत दिला होता. परिणामी, लॅटिन अमेरिकेप्रमाणे स्पॅनिश ही येथे लोकभाषा झाली नाही. ती सुशिक्षित वर्गाची भाषा राहिली आणि १९८७ च्या राज्यघटनेने तिचा अधिकृत दर्जाही गेला. सांबोआंगा परिसरात बोलली जाणारी ‘चावाकानो’ ही स्पॅनिश-मिश्रित भाषा हा अपवाद. तागालोगमध्ये मात्र वारांची नावे, घरगुती वस्तू आणि ‘कुमुस्ता’ हे क्षेमकुशल विचारण्याचे अभिवादन स्पॅनिशमधून आले आहे.

आडनावांचा इतिहास अधिक रंजक आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या अनेकांनी ‘दे ला क्रूस’, ‘दे लोस सांतोस’ अशी धार्मिक नावे घेतली होती, तर एकाच कुटुंबातील व्यक्तींची आडनावे वेगवेगळी असत. कर व खानेसुमारीच्या सोयीसाठी गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी आदेश काढून आडनावांची वर्णानुक्रमिक यादी प्रांतोप्रांती पाठवली. (याच अधिकाऱ्याने दिनांक आशियाशी जुळवण्यासाठी ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला होता.) यादीची पाने गावांत वाटली गेल्याने काही गावांत बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. चार पिढ्यांपासूनचे आडनाव सिद्ध करणाऱ्यांना ते ठेवता आले. त्यामुळे फिलिपिनो व्यक्तीचे स्पॅनिश आडनाव हा स्पॅनिश वंशाचा पुरावा ठरत नाही, हा गैरसमज बाहेर अजूनही आढळतो.

‘फिलिपिनो’ कोण?

सोळाव्या शतकात व्हियालोबोस या सागरी मोहिमेच्या प्रमुखाने लेयते व समार या बेटांना युवराज फिलिपच्या नावावरून ‘फिलिपिनास’ म्हटले. पुढे ते नाव संपूर्ण द्वीपसमूहाला लागले. तथापि, बराच काळ ‘फिलिपिनो’ हा शब्द बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिशांसाठी वापरला जाई. मूळ रहिवासी ‘इंडिओ’, चिनी व्यापारी ‘सांग्ले’ आणि मिश्र संतती ‘मेस्तिसो’ म्हणून नोंदली जाई, व करही त्यानुसार ठरे.

१७ फेब्रुवारी १८७२ रोजी गोमेझ, बुर्गोस व सामोरा या तीन धर्मगुरूंना काव्हिते येथील बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड देण्यात आला. त्यानंतरच्या पिढीने ‘फिलिपिनो’ हा शब्द सर्व देशवासीयांसाठी वापरण्यास सुरुवात केली. तिचे प्रमुख प्रतिनिधी होजे रिझाल हे स्वतः चिनी मेस्तिसो घराण्यातील होते. त्यांचे कुटुंब कालांबा येथे डॉमिनिकन पंथाच्या जमिनीवर खंडकरी होते आणि पुढे त्यांना तेथून निष्कासित करण्यात आले. रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) व ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या कादंबऱ्या स्पॅनिश भाषेत आहेत. साम्राज्याच्या भाषेत साम्राज्यावर केलेली ही टीका आज बहुतेक देशबांधव अनुवादातून वाचतात. ३० डिसेंबर १८९६ रोजी रिझाल यांना गोळ्या घालण्यात आल्या.

स्पेनला पूर्णपणे जिंकता न आलेल्या मिंदानाओ व सुलू येथील मुस्लिमांना स्पॅनिशांनी आपल्या देशातील ‘मूर’ लोकांवरून ‘मोरो’ म्हटले. ख्रिस्ती गावांतील ‘मोरो-मोरो’ नाटकांत मोरो हा हमखास पराभूत होणारा शत्रू असे. विसाव्या शतकात याच लोकांनी ते हेटाळणीचे नाव अभिमानाने स्वीकारले, आणि २०१९ मध्ये स्थापन झालेल्या स्वायत्त प्रदेशाच्या ‘बांगसामोरो’ या नावात ते कायम आहे. आपण फिलिपिनो आहोत की केवळ फिलिपिन्सचे नागरिक, हा प्रश्न त्यांच्यातील अनेकांसाठी अद्याप सुटलेला नाही.

धर्म आणि जमीन

२०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. मॅगेलनने भेट दिलेली बाल येशूची मूर्ती सेबूत, तर मेक्सिकोहून आलेली ‘नाझारेनो’ मूर्ती मनिलातील किआपो येथे पूजली जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी जडणारे धर्मपित्याचे नाते राजकारण व नोकरीतही उपयोगी पडते. चर्चविषयीचा रोष हाही वारशाचाच भाग होय. परदेशी धर्मगुरूंच्या वर्चस्वाविरुद्ध १९०२ मध्ये रोमपासून वेगळे असे स्वतंत्र चर्च स्थापन झाले आणि ग्रेगोरियो आग्लिपाय त्याचे प्रमुख झाले.

१८९८ च्या पॅरिस करारानुसार स्पेनने २ कोटी डॉलरच्या मोबदल्यात बेटे अमेरिकेकडे सोपवली. अमेरिकी प्रशासनाने धार्मिक पंथांच्या विस्तीर्ण जमिनी विकत घेतल्या. पण त्यांतील मोठा हिस्सा कसणाऱ्या कुळांऐवजी धनिकांकडे गेला. त्यामुळे मातब्बर घराण्यांचे वर्चस्व राजवट बदलूनही टिकले.

देशाच्या नावाचा वाद

स्पेनच्या राजाचे नाव देशाने का बाळगावे, हा प्रश्न वेळोवेळी उपस्थित होतो. १९७० च्या दशकात फर्डिनांड मार्कोस यांच्या काळात व २०१९ मध्ये रोद्रिगो दुतेर्ते यांच्याकडून ‘महार्लिका’ या पर्यायाचा पुरस्कार झाला. हे नाव अस्सल देशी म्हणून सुचवले गेले असले तरी भाषातज्ज्ञ ते संस्कृत ‘महर्द्धिक’ या शब्दापासून आल्याचे मानतात. तागालोगमधील ‘गुरो’ (शिक्षक) व ‘मुखा’ (चेहरा) हे शब्दही स्पॅनिश काळापूर्वी संस्कृतमधून आलेले आहेत. नाव बदलण्याचा कोणताही प्रस्ताव आजवर संमत झालेला नाही.